धरावे कुठे, सोडावे कुठे

गोल्फची अठरा होलची एक फेरी पायी खेळायला साधारण चार तास लागतात. या चार तासांत खेळाडू आठ-दहा किलोमीटर चालतो, चढ चढतो, दवाने भिजलेल्या गवतातून जातो, वाळूत उतरतो आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा तो पूर्ण ताकदीचा स्विंग, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) मागे नेऊन चेंडूवर फिरवणे, मात्र जेमतेम चाळीस-पन्नास वेळा घेतो. उरलेले बहुतेक फटके ग्रीनवरचे (होलभोवतीच्या आखूड गवताच्या पट्ट्यावरचे) किंवा ग्रीनच्या आसपासचे हलके असतात. क्लब मागे न्यायला सुरुवात केल्यापासून तो चेंडूला लागेपर्यंतचा वेळ सुमारे एक सेकंदाचा. म्हणजे गोल्फचा बूट ज्या कामासाठी वेगळा बूट म्हणून विकला जातो, ते काम तो चार तासांत सगळे मिळून एखादे मिनिट करतो आणि राहिलेला सगळा वेळ तो निव्वळ चालण्याचा बूट असतो. चालण्याला मऊ, चवड्यापाशी सहज वाकणारा, पुढच्या दिशेने पाऊल टाकायला मदत करणारा बूट हवा असतो. स्विंगला मात्र रुंद, सपाट आणि बाजूला न कलणारा बूट लागतो. या दोन मागण्या एकमेकींशी भांडतात, आणि आज विकला जाणारा प्रत्येक गोल्फचा बूट म्हणजे त्या भांडणात कोणीतरी केलेली तडजोड आहे, असे मला ते बूट हातात घेऊन न्याहाळताना नेहमी वाटते.

त्या एका सेकंदात पावलांखाली काय घडते, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. उभे राहताना वजन दोन्ही पावलांवर जवळपास सारखे असते. क्लब मागे जाताना दाब मागच्या पावलावर, म्हणजे लक्ष्यापासून दूर असलेल्या पावलावर सरकतो, आणि चांगल्या खेळाडूच्या बाबतीत तो पावलाच्या बाहेरच्या कडेला न जाता आतल्या बाजूला आणि टाचेकडे राहतो. मग क्लब पूर्ण वर पोहोचण्याच्या आधीच दाब पुढच्या पावलाकडे परतू लागतो. क्लब खाली येण्याचा टप्पा सुमारे पाव सेकंदाचा, मागे नेण्याला लागलेल्या वेळाच्या साधारण एक तृतीयांश. या पाव सेकंदात पुढचे पाऊल जमिनीला इतक्या जोराने रेटते की एकट्या त्या पावलाखालचे उभे बल खेळाडूच्या वजनापेक्षा जास्त भरते. लांब फटका मारणाऱ्यांच्या बाबतीत ते वजनाच्या दीडपटीच्याही वर जाते. हे शिखर चेंडूला क्लब लागण्याच्या क्षणी नसते, त्याच्या थोडे आधी येऊन गेलेले असते.

उभ्या बलाची चर्चा पुष्कळ होते, पण बुटाची खरी परीक्षा आडव्या बलात असते. शरीर उभ्या अक्षाभोवती फिरवायचे तर दोन पावलांनी जमिनीला विरुद्ध दिशांना ढकलावे लागते: पुढचे पाऊल बोटांच्या दिशेने ढकलते, मागचे पाऊल टाचेच्या दिशेने. त्याच्या जोडीला लक्ष्याच्या रेषेतले ढकलणे आहे, ज्यात मागचे पाऊल आधी शरीराला लक्ष्याकडे लोटते आणि नंतर पुढचे पाऊल त्याला अडवते. शिवाय पावलाखाली पीळ असतोच, कारण नडगी आणि घोटा फिरू पाहतात आणि तळवा जागेवर असतो. जमीन जे परत देते त्यावरच क्लबचा वेग उभा राहतो. पाऊल सरकले तर तेवढा रेटा वाया जातोच, पण त्याहून मोठे नुकसान असे की पाऊल सरकेल असे शरीराला नुसते वाटले, तरी ते आपणहून जोर कमी करते. ओल्या उतारावर उभे राहून ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब, फिरवताना प्रत्येकाला ही आतून होणारी काटछाट जाणवते; ती बुद्धीने ठरवून होत नाही आणि बुद्धीने टाळताही येत नाही.

दोन पावलांची कामे इतकी वेगळी आहेत हे कळायला फार उपकरणे लागू नयेत, तरी ते मोजून मांडणे महत्त्वाचे होते. विल्यम्स आणि कॅव्हनॉ या संशोधकांनी १९८३ साली गोल्फ स्विंगमधील पावलाच्या हालचालीचा आणि त्यातून बुटाच्या रचनेसाठी काय निष्कर्ष निघतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि दोन पावलांची भूमिका निरनिराळी आहे हे त्यात स्पष्ट झाले. पुढच्या पावलावर फटक्यानंतर सगळे शरीर येऊन पडते आणि ते बाहेरच्या कडेवर, करंगळीच्या बाजूला कलंडू पाहते. मागच्या पावलाचे काम याच्या उलट आहे. ते आधी आतल्या कडेने आणि चवड्याने जमीन धरते, मग त्याची टाच उचलली जाते आणि शेवटी ते अंगठ्याच्या टोकावर फिरून मोकळे होते. एका पावलाला बाहेरच्या बाजूने आधाराची भिंत हवी, दुसऱ्याला आतल्या बाजूने पकड आणि पुढे सहज वाकणारा तळ हवा. तरीही बाजारातले बहुतेक बूट एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असतात. व्यापाराच्या दृष्टीने ते समजते, कारण डावखुऱ्यांसाठी उलटी जोडी बनवायची म्हणजे साचे दुप्पट, साठा दुप्पट. पण मग दोन्ही बुटांच्या दोन्ही कडांना सगळेच द्यावे लागते, आणि प्रत्येक बुटात अर्धी सामग्री अशी राहते की तिचे काम शेजारच्या बुटात असते.

स्थिरता म्हणजे पाऊल न हलणे, अशी समजूत मात्र सोडून द्यावी लागते. जुन्या पिढीतला दिग्गज गोल्फपटू जॅक निकलॉस क्लब मागे नेताना पुढची टाच चांगली वर उचलत असे आणि खाली येताना ती परत टेकवत असे. लेक्सी थॉम्पसनच्या टाचा चेंडूला क्लब लागताना जमिनीपासून सुटलेल्या असतात. आणि २०२२ व २०२४ ची मास्टर्स स्पर्धा जिंकणाऱ्या स्कॉटी शेफलरचे मागचे पाऊल तर फटक्याच्या क्षणी मागे घसरत जाते, इतके की एखाद्या शिक्षकाने नवशिक्याला त्याबद्दल लगेच टोकले असते. पण दिशा पाहावी: मागचे पाऊल टाचेच्या दिशेने ढकलते हे वर आलेच आहे, आणि त्याचे पाऊल त्याच दिशेला सरकते. ढकलण्याचे काम उरकल्यावर, वजन पुढच्या पावलावर गेल्यावर ते सुटते. ते पाव सेकंद आधी सुटले असते तर तो फटका झालाच नसता. मेलबर्नच्या बॉल आणि बेस्ट या संशोधकांनी २००७ साली व्यावसायिकांपासून सामान्य हौशी खेळाडूंपर्यंत ६२ जणांच्या पावलांखालचा दाब तपासला, तेव्हा त्यांना एकाऐवजी दोन ढब सापडल्या: एकीत दाब फटक्यापर्यंत आणि त्यानंतरही पुढे सरकत राहतो, तर दुसरीत तो आधी पुढे जाऊन फटक्याच्या सुमारास पुन्हा मागे येऊ लागतो. दोन्ही ढबींनी चांगले गोल्फ खेळले जाते. त्यामुळे ‘स्विंगसाठी स्थिर बूट’ असे जाहिरातीत वाचले की मला पहिला प्रश्न पडतो तो, कोणत्या क्षणी स्थिर, आणि कोणत्या पावलाखाली?

बुटाचा इतिहास मात्र जवळपास सगळा पकडीचा इतिहास आहे. स्कॉटलंडमधल्या खेळाडूंनी एकोणिसाव्या शतकात आपल्या जाड बुटांना साधे खिळे ठोकले. १८५७ च्या एका पुस्तिकेतही लहान खिळे मारलेले दणकट बूट घालावेत असा सल्ला सापडतो. ठोकलेले खिळे आतून पायाला टोचत आणि निघून पडत, म्हणून पुढे स्क्रूसारखे फिरवून बसवायचे स्पाइक आले, आणि विसाव्या शतकाचा बराचसा काळ एकेका बुटाखाली अकरा-बारा धातूचे, सहा किंवा आठ मिलिमीटर लांबीचे काटे ही गोल्फची ओळखच होऊन बसली. धातूचा काटा थेट मातीत घुसतो, आणि मातीत घुसलेल्या गोष्टीइतके दुसरे काहीच घट्ट बसत नाही. पण तोच काटा ग्रीनवरच्या आखूड गवताची मुळे तोडतो, पाऊल फरफटले की कडा उभ्या राहिलेले ओरखडे पाडतो आणि दगडी पायरीवर किंवा सिमेंटच्या वाटेवर सरळ घसरतो. १९९० च्या दशकात अमेरिकेत मऊ प्लास्टिकचे क्लीट, म्हणजे काट्यांच्या जागी बसवायच्या अनेक पायांच्या चकत्या, आले ते ग्रीन वाचवण्यासाठी, पकड वाढवण्यासाठी नव्हे, ही गोष्ट आज विसरली गेली आहे. काही वर्षांतच मैदाने चालवणाऱ्या बहुसंख्य गोल्फ संस्थांनी धातूच्या काट्यांवर बंदी घातली. नियमावलीतही मैदानाच्या किंवा स्पर्धेच्या समितीला तसा स्थानिक नियम करण्याची मुभा आहे. व्यावसायिक स्पर्धांत काही खेळाडू अजूनही धातू वापरतात. आणि २०१९ च्या नियमबदलानंतर पटच्या, म्हणजे ग्रीनवरून चेंडू होलकडे लोटण्याच्या हलक्या फटक्याच्या, वाटेतली बुटांची नक्षी दुरुस्त करता येते, जी त्यापूर्वी तशीच सोडून द्यावी लागे. मला विचाराल तर ही मुभा ज्या काळात खरी गरजेची होती तो काळ संपल्यावर ती मिळाली.

मऊ क्लीट जमिनीला वेगळ्या रीतीने धरतो. त्याचे सहा-आठ पाय मातीत फारसे शिरत नाहीत. ते गवताच्या पात्यांमध्ये अडकतात आणि बल पडले की किंचित फाकतात. म्हणून गवत दाट आणि कोरडे असताना तो धातूच्या फार मागे राहत नाही, पण गवत विरळ, खालची माती चिकट आणि वर पाऊस असला की पायांमध्ये चिखल भरतो आणि क्लीट गुळगुळीत गोळा होऊन बसतो. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे सुटे क्लीट नसलेला, तळालाच बारीक उंचवटे असलेला बूट. तो एरवीही दुर्लक्षितच राहिला असता, पण २०१० च्या मास्टर्समध्ये पन्नाशीतला फ्रेड कपल्स एको कंपनीचे असे बूट, तेही मोज्यांशिवाय घालून उतरला आणि पहिल्या दिवशी ६६ फटक्यांत फेरी पूर्ण करून आघाडीवर राहिला. रस्त्यावर घालता येतील अशा बुटांनी मास्टर्समध्ये आघाडी घेता येते हे लोकांनी पाहिले, आणि त्यानंतर या प्रकाराला मागणी वाढली. कपल्सचा स्विंग किती संथ आणि सैल आहे, हे त्या घाईत कोणी फारसे लक्षात घेतले नाही. पावलांवर कमी भांडण लावणाऱ्या माणसाचे बूट पाहून जोरकस मारणाऱ्यांनी आपले बूट ठरवावेत, यात काही तरी चुकते.

तरी माझे मत असे आहे की काटे की उंचवटे हा वाद त्याच्या लायकीपेक्षा जास्त चालतो. बुटाचा तळ आणि गवत यांच्यातले सरकणे दिसते, ऐकू येते, गवतावर खूण ठेवते. म्हणून त्याची चर्चा होते. पाऊल आणि बूट यांच्यातले सरकणे कोणाला दिसत नाही. बूट जमिनीला घट्ट चिकटलेला आहे आणि आत पाऊल अर्धा सेंटिमीटर बाहेरच्या कडेकडे सरकते आहे, अशी अवस्था मला वाटते फार सर्रास असते. तिच्यावर नवे क्लीट हा उपाय नाही. तिथे टाचेमागचा कडक भाग, बुटाच्या साच्याची रुंदी, पावलाच्या कमानीवरून जाणारा आवळ आणि वरच्या चामड्याचे किंवा विणलेल्या कापडाचे ताणले जाणे या गोष्टी निर्णायक ठरतात. जाड चामडे जड असते, सुकायला वेळ घेते, पण बाजूने ढकलले असता फारसे ताणले जात नाही. विणलेले कापड पायाला हवे-हवेसे वाटते आणि नेमके पुढच्या पावलाच्या करंगळीकडे फुगते, म्हणून चांगले उत्पादक त्या बाजूला आतून पट्टी किंवा बाहेरून प्लास्टिकची चौकट देतात. ती दिली आहे की नाही हे अंगठ्याने दाबून लगेच कळते. तार आवळणाऱ्या चकतीचे बूट आले तेव्हा मला ते दिखाऊ वाटले होते, पण त्यांचा एक गुण मान्य करावा लागतो: चौदाव्या होलपर्यंत नाडी थोडी सैल होतेच, आणि चकती एका हाताने पुन्हा आवळता येते.

या आतल्या आधाराचे महत्त्व सर्वांत ठळकपणे दिसले ते टायगर वूड्सच्या बाबतीत. फेब्रुवारी २०२१ मधल्या मोटार अपघातात त्याच्या उजव्या पायाची हाडे अनेक ठिकाणी मोडली आणि ती सळ्या, पट्ट्या आणि स्क्रू घालून जोडावी लागली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तो मास्टर्समध्ये परतला तेव्हा नायकीशी वर्षानुवर्षांचा करार असूनही त्याच्या पायात फुटजॉय या दुसऱ्या कंपनीचे बूट होते. कारण त्यानेच सांगितले: घोट्याची हालचाल मर्यादित झाल्यामुळे त्याला अधिक स्थिर काहीतरी हवे होते. निरोगी घोटा स्विंगमध्ये शेकडो लहान दुरुस्त्या आपोआप करत असतो. त्या करता येईनाशा झाल्या की तेच काम बुटाने करावे लागते, आणि मग मऊ, लवचीक, नैसर्गिक हालचालीला वाव देणारा बूट हा गुण राहत नाही. उलट टोकाला जुन्या काळचा गोल्फपटू सॅम स्नीड होता, जो अनवाणी सराव करत असे. अनवाणी पाऊल गवतावर जेवढे धरू शकते तेवढ्याच जोरात फिरावे लागते, त्यामुळे लय आपोआप ताब्यात राहते. ही उत्तम तालीम आहे. रुंद तळ, कडक कडा आणि काटे असताना जे चुकीचे वजन खपून जाते ते अनवाणी खपत नाही.

तळाच्या जाडीविषयी आजकाल मला जरा काळजी वाटते. धावण्याच्या बुटांत फोमचे थर जाड होत गेले, आणि त्यांची हवा गोल्फच्या बुटांनाही लागली. चालताना ते सुखाचे आहे, त्यात वाद नाही. पण पाऊल जमिनीपासून जितके उंच, तितकी कड कलंडवणाऱ्या बलाची भुजा लांब, आणि मऊ फोम तर नेमका त्याच कडेला दबतो जिथे पुढचे पाऊल विसावू पाहते. चेंडूपर्यंतचे अंतर लांबीने मोजून बनवलेल्या क्लबच्या खेळात पावलाखालची उंची बदलत राहणे हेही काही भले नाही. यावर उतारा म्हणून फोम दाट ठेवतात, त्याच्या कडेला कठीण चौकट बसवतात किंवा तळ करंगळीच्या बाजूला बुटापेक्षा थोडा बाहेर काढतात, म्हणजे कलंडण्याआधी टेकायला जागा मिळते. साधे धावण्याचे बूट घालून खेळणाऱ्यांना नेमकी हीच जागा मिळत नाही. त्यांचा तळ पुढे जाण्यासाठी बनवलेला असतो, टाच मागे गोलाईने उचललेली असते आणि बाजूला आधार नावाची गोष्ट फारशी नसते.

पिळाचा प्रश्न याहून नाजूक आहे. बुटाच्या मधल्या भागात, कमानीखाली, प्लास्टिकची किंवा इतर कठीण पट्टी असते, आणि तिच्यामुळे टाच आणि चवडा एकमेकांपासून किती वेगळे फिरू शकतील हे ठरते. बूट विकत घेताना ओले फडके पिळावे तसा तो दोन्ही हातांनी पिळून पाहावा: अजिबात पीळ न घेणारा बूट चालायला लाकडी वाटेल आणि मागची टाच उचलताना पावलाशी झगडेल, तर सहज पीळ घेणारा बूट पुढच्या पावलाचा रेटा मध्येच गिळेल. वाकण्याची जागाही तपासायची. बूट चवड्यापाशी वाकला पाहिजे. मध्यावर वाकत असेल तर तो आधार देणारा बूट नाही.

पकड जितकी जास्त तितकी चांगली, हेही खरे नाही, कारण जमीन जो पीळ देते तो कुठे तरी जिरवावा लागतो. पुढचे पाऊल जागेवर पूर्ण जखडले आणि कंबर फिरत राहिली तर तो पीळ घोट्यातून वर गुडघ्यापर्यंत जातो, आणि गुडघा मुळात वाकण्या-सरळ होण्यासाठी बनलेला सांधा आहे. म्हणूनच पुढचे पाऊल उभे राहतानाच लक्ष्याकडे थोडे उघडे ठेवण्याचा जुना सल्ला मला बुटाच्या कोणत्याही वैशिष्ट्याइतका मोलाचा वाटतो. जुन्या काळचा नामांकित खेळाडू बेन होगनही पुढचे पाऊल पाव फिरवून ठेवायला सांगत असे. चांगला बूट बाजूच्या सरकण्याला कडक विरोध करतो आणि जागेवर फिरण्याला थोडा कमी. क्लीट पावलाच्या कडांवर दूर दूर बसवले तर ते फिरण्यालाही जोरदार अडवतात. चवड्याच्या मध्याभोवती जवळ जवळ बसवले तर पाऊल तिथल्या तिथे फिरू शकते. क्लीटची संख्या पूर्वीच्या अकरा-बारावरून सहा ते नऊवर आली ती निव्वळ काटकसर नाही, त्यामागे मांडणीचा हा विचारही आहे.

नियमांनी या सगळ्याला एक कुंपण घातले आहे. घट्ट उभे राहायला मदत करणारे बूट चालतात, काटे चालतात. पण ज्यांच्यामुळे खेळाडूला उभे राहण्याची जागाच बांधून मिळेल, दिशा साधायला मदत होईल किंवा अन्य रीतीने फटक्याला साहाय्य होईल, असे बूट चालत नाहीत. बंकरमध्ये (मैदानावरच्या वाळूच्या खड्ड्यात) पावले वाळूत वाजवीपुरती रुतवता येतात, वाळूचा ओटा रचता येत नाही. यातली सीमारेषा कुठे पडते यावर वाद घालता येईल, पण दिशा रास्त आहे: जमिनीशी असलेले नाते बुटाने पक्के करावे, जमीन बदलू नये.

राहता राहिला प्रश्न स्वतःसाठी बूट निवडण्याचा, आणि तिथे मला जुन्या बुटांच्या तळाइतका खरा सल्लागार दुसरा माहीत नाही. चालण्याची झीज टाचेच्या मागच्या बाहेरच्या कोपऱ्यावर आणि चवड्याखाली, दोन्ही बुटांना सारखीच दिसते. ती वजा केली की उरते ती स्विंगची झीज, आणि ती दोन बुटांना कधीही सारखी नसते. मागच्या बुटाचे टोक अंगठ्यापाशी घासलेले असणे हे चांगले लक्षण आहे, कारण पाऊल शेवटपर्यंत फिरून मोकळे होते आहे. त्याच बुटाची बाहेरची कड झिजली असेल तर क्लब मागे नेताना शरीर बाहेर झुकते आहे, आणि त्यावर बूट नव्हे, स्विंगच दुरुस्त करावा लागेल. पुढच्या बुटाच्या करंगळीकडचे क्लीट बाकीच्यांच्या आधी संपत असतील आणि वरचे चामडे तळाच्या कडेवरून बाहेर ओघळल्यासारखे झाले असेल, तर बूट अरुंद साच्याचा पण रुंद तळाचा, कडक कडेचा घ्यावा. काही उत्पादक पंधरा-वीस फेऱ्यांनंतर सगळे क्लीट बदलायला सांगतात. सगळे बदलणे जमले नाही तर आधी पुढच्या बुटाचे बाहेरचे दोन आणि मागच्या बुटाचे अंगठ्याखालचे बदलावेत.